गरोदरपणातील आकडी आणि मॅग्नेशियम सल्फेट

शाळेच्या प्रयोगशाळेत मॅग्नेशियम सल्फेटची बाटली बहुधा असतेच. हाच क्षार, इंजेक्शनसाठी शुद्ध स्वरूपात तयार केलेला, प्रसूतिगृहात मातांचे प्राण वाचवतो. कसा, ते पाहू.

गरोदरपणाचे २० आठवडे उलटल्यावर काही स्त्रियांचा रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर जातो आणि बहुधा लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. हा प्री-एक्लॅम्पसिया. रक्तात विष भिनल्याने असे होते, असे पूर्वी वाटे. आता आपल्याला माहीत आहे, की मूळ वारेशी निगडित आहे. वारेला रक्त पुरवणाऱ्या गर्भाशयातील धमन्या अनेकदा पुरेशा रुंदावत नाहीत. रक्त कमी पडलेली वार आईच्या रक्तात काही प्रथिने सोडते आणि तिच्या रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर बिघडते. रक्तदाब चढतो; मूत्रपिंड, यकृत, मेंदू यांना इजा पोहोचते. मेंदूवर परिणाम होऊन आकडी आली, की तो एक्लॅम्पसिया. मग आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतते.

आकडीवर कोणते औषध चांगले, याबद्दल डॉक्टरांत बरीच वर्षे मतभेद होते. १९९५ मध्ये अनेक देशांत मिळून झालेल्या चाचणीने डायझेपाम व फेनिटॉइन या दोहोंपेक्षा मॅग्नेशियम सल्फेट सरस ठरवले. २००२ मध्ये ३३ देशांतील दहा हजारांवर स्त्रियांच्या चाचणीत दिसले, की ते आधीच दिल्यास आकडीचा धोका निम्म्याहून कमी होतो.

मात्र हे औषध रक्तात फार वाढले तर श्वास मंदावतो. म्हणून पुढची मात्रा देण्यापूर्वी गुडघ्याखाली हलकेच ठोकून पाहतात. पाठ्यपुस्तकातली प्रतिक्षिप्त क्रिया ती हीच! श्वासावर परिणाम होण्याआधी पाय उडेनासा होतो, आणि धोका वेळीच कळतो. कॅल्शियम ग्लुकोनेट हा त्यावरचा उतारा.

औषधाने आकडी टळते. मूळ दुखणे बाळ आणि वार बाहेर आल्यावरच ओसरू लागते. बाळंतपणानंतरही काही दिवस आकडी येऊ शकते.

सुरुवातीला बाईला काहीच त्रास जाणवत नाही. म्हणूनच प्रत्येक तपासणीत रक्तदाब आणि लघवी पाहणे आवश्यक. तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे, बरगड्यांखाली पोटात दुखणे, चेहऱ्यावर अचानक सूज, यांपैकी काहीही झाले तर ‘पहिलटकरणीला असे व्हायचेच’ म्हणून थांबू नये. तिला लगेच रुग्णालयात न्यावे. आपल्या विद्यार्थ्यांच्या घरी बहिणी आहेत, वहिनी आहेत. प्रतिक्षिप्त क्रियेचा पाठ शिकवताना हेही त्यांना सांगू या.