डायालिसिस आणि घरचें पथ्य
साताऱ्याचे कंदी पेढे व सांगलीकडचे बेदाणे आपण आजाऱ्याच्या भेटीस प्रेमानें नेतों. परंतु डायालिसिसवरील रोग्यास दोन्ही अहितकारक. बेदाण्यांतील पोटॅशियम रक्तांत सांचून हृदयाची गति बिघडवितें. खव्यांतील फॉस्फरस सांचला कीं रक्तवाहिन्यांच्या भिंतींत चुन्याचे थर बसून त्या ताठर होतात. या भीतीनें रोग्यास नुसत्या पेजेवर ठेवणेंही घातकच होय. डायालिसिसपूर्वीं प्रथिनें बेतानें द्यावीं लागतात. तें सुरू झाल्यावर वजनाच्या दर किलोस रोज १ ते १.२ ग्रॅम हवींच, कारण कांहीं अंश त्या क्रियेंतच वाहून जातो. डाळ, पनीर, चालत असल्यास अंड्यांतील पांढरें यांचें प्रमाण डॉक्टरांस विचारून ठरवावें. फॉस्फरस अडविणाऱ्या गोळ्या जेवणाबरोबरच द्याव्या. घरांतील वडीलधाऱ्यांस आमची विनंति एवढीच कीं, डायालिसिस सुरू होतांच जुनें पथ्य पुनः तपासून घ्यावें.