हलत्या दाताची खबर लाळेत

वर्षातून एकदा 'फुल बॉडी चेकअप' करून घेणाऱ्यांना दोन नावं चांगलीच ओळखीची असतात: एसजीओटी आणि अल्कलाइन फॉस्फेटेज. रिपोर्टात ती यकृताच्या रकान्यात छापलेली असतात आणि आकडा जरा वर दिसला की घरात चर्चा सुरू होते. यातलं एसजीओटी पेशी मोडली की बाहेर सांडतं, मग ती पेशी यकृताची असो की स्नायूची. अल्कलाइन फॉस्फेटेज तर हाड घडवणाऱ्या पेशींकडूनही येतं. म्हणूनच वाढत्या वयातल्या मुलांच्या रक्तात ते मोठ्यांपेक्षा बरंच जास्त सापडतं आणि त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. दाताला तारा लावलेल्या माणसाच्या तोंडातही हीच दोन विकरं, म्हणजे एन्झाइम्स, वर-खाली होत असतात. ती मोजून आत दात सरकतोय की अडलाय हे कळेल का, यावर गेली पंचवीस-तीस वर्षं काम चाललं आहे.

हा प्रश्न पडण्याचं कारण तारांच्या उपचारातच आहे. दर चार-सहा आठवड्यांनी दवाखान्यात जायचं, तार घट्ट करून घ्यायची, रबर बदलायचे, दोन दिवस मऊ भातावर काढायचे आणि पुढच्या तारखेची वाट बघायची. ही तारीख पडते ती कॅलेंडर बघून. एकाचं हाड भराभर बदलतं, दुसऱ्याचं रेंगाळतं, तारीख मात्र दोघांनाही साधारण तीच. दात किती सरकला हे मापता येतं, पण ते सरकून झाल्यावर. आज, या घडीला हाडात काय चाललंय हे डोळ्यांना दिसत नाही आणि एक्स-रेतही कळत नाही.

दात हाडात घट्ट रुतलेला वाटतो खरा, पण मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक थर असतो, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा. तारेने दात एकीकडे रेटला की त्या बाजूचा थर दबतो आणि मागचा ताणला जातो. दबलेल्या बाजूला हाड खाणाऱ्या पेशी जमतात, ताणलेल्या बाजूला हाड घडवणाऱ्या. पुढचं हाड विरघळतं, मागे नवं भरतं आणि दाताबरोबर त्याचा खड्डाच सरकत जातो. स्वीडनच्या कार्ल सँडस्टेड यांनी कुत्र्यांचे दात हलवून हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि 1904 साली मांडलं. जोर फार झाला तर दबलेल्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो, तिथल्या पेशी मरतात आणि दात जागीच अडून राहतो, हेही त्यांनाच दिसलं होतं. पुढे 1932 मध्ये श्वार्झ यांनी मर्यादा घालून दिली: केशवाहिन्यांमधल्या दाबापलीकडे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 20 ते 26 ग्रॅमपलीकडे, जोर नको. 'डॉक्टर, जरा जास्त घट्ट करा, लवकर होईल' असं सांगणाऱ्या पालकांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

म्हणून दात एका लयीत सरकत नाही. पहिले एक-दोन दिवस तो थराच्या जाडीएवढा कलतो, मग कधी कधी तीन-चार आठवडे जवळजवळ थांबतो. मेलेल्या पेशींचा पसारा शरीराने उचलला की पुन्हा चालू लागतो, महिन्याला साधारण एक मिलिमीटर या चालीने.

या प्रत्येक टप्प्यावर वेगळं विकर बाहेर पडतं. पेशी मेल्या की एसजीओटी आणि लॅक्टेट डिहायड्रोजनेज. हाड खाणाऱ्या पेशींचं ॲसिड फॉस्फेटेज, घडवणाऱ्यांचं अल्कलाइन फॉस्फेटेज. तंतू कापणारी आणखी एक टोळी आहे, मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज नावाची. हे सगळं दात आणि हिरडी यांच्यामधल्या बारीक फटीतून झिरपतं आणि लाळेत मिसळतं.

सुरुवातीच्या संशोधकांनी लाळेच्या वाटेला न जाता ती फटच गाठली. कागदाची चिंचोळी पट्टी फटीत अर्धा मिनिट धरायची आणि जो द्रव टिपला जाईल तो तपासायचा. बहुतेक वेळा तो एक मायक्रोलिटरही भरत नाही. 1996 मध्ये इन्सॉफ्ट, किंग आणि कीलिंग यांनी मोजक्या रुग्णांमध्ये असं मोजलं, तेव्हा अल्कलाइन फॉस्फेटेज पहिल्या ते तिसऱ्या आठवड्यात चढलं आणि ॲसिड फॉस्फेटेज त्यानंतर. आधी हाड खाल्लं जातं, मग घडतं, या पाठ्यपुस्तकी क्रमाच्या हे उलटं होतं. इटलीत पेरिनेत्ती आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये एकाच तोंडातला हलवलेला दात आणि न हलवलेला दात शेजारी ठेवून पाहिले. हलवलेल्या दातापाशी अल्कलाइन फॉस्फेटेज जास्त निघालं आणि त्यातही ताणाच्या बाजूला अधिक. मला या सगळ्यात हाच प्रयोग सर्वांत पटणारा वाटतो, कारण तुलना करायला दुसरा माणूस लागलाच नाही.

पण पट्टीचं काम नाजूक. थोडं रक्त लागलं, थोडी लाळ लागली की नमुना बाद. लाळेचं तसं नाही. दिवसाला अर्धा ते दीड लिटर ती आपणहून तयार होते. सकाळी, तासभर काही न खाता, दात न घासता रुग्णाला बसवायचं. मान खाली घालून, न थुंकता, ओठांवरून लाळ नळीत ओघळू द्यायची. नळी बर्फात ठेवायची, नंतर यंत्रात गरगर फिरवून गाळ तळाशी बसवायचा. वर राहिलेल्या स्वच्छ पाण्यात एक रसायन घातलं की अल्कलाइन फॉस्फेटेज त्याचा पिवळा रंग काढतं. रंग जितका भराभर गडद होईल तितकं विकर जास्त सक्रिय. सुई नाही, दुखणं नाही, लहान मुलंही तयार होतात.

घोडं अडतं ते यापुढे. कराडच्या प्रीतिसंगमाखाली ओंजळभर पाणी घेऊन त्यात कोयनेचं किती आणि कृष्णेचं किती हे सांगायला निघावं, तसं हे काम आहे. नमुना सगळ्या तोंडाचा असतो. वरचा सुळा सरकला की खालची दाढ, हे लाळ सांगत नाही. त्यातून तारांमध्ये अन्न अडकतं, हिरड्या सुजतात आणि सुजलेल्या हिरडीतूनही हीच विकरं पाझरतात. ब्रश करताना रक्त आलं तर फुटलेल्या तांबड्या पेशींचं लॅक्टेट डिहायड्रोजनेज आकडा उगाच फुगवतं. लाळेचा वेगही दिवसभरात बदलतो. माणसामाणसात इतका फरक असतो की अमुक आकडा म्हणजे दात नीट सरकतोय, अशी सर्वांना लागू पडणारी रेघ मारता येत नाही. फार तर एकाच रुग्णाचा तारा लावण्याआधीचा नमुना आणि नंतरचा, यांची तुलना करावी.

फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या तिमो सोर्सा यांच्या गटाने मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज-8 ओळखणारी, खुर्चीशेजारी काही मिनिटांत होणारी तपासणी विकसित केली, पण तिचा मुख्य उपयोग हिरड्यांच्या आजारासाठी. तारांच्या बाबतीत माझ्या मते जास्त उपयोगाचा धागा वेगळाच आहे. उपचारात कधी कधी दाताचं मूळच टोकाकडून झिजतं आणि एक्स-रेत ते बरंच झिजल्यावर दिसतं. माह आणि प्रसाद यांनी 2004 मध्ये दाखवलं, की अशा दातांपाशी फटीतल्या द्रवात डेंटिनची, म्हणजे दात ज्या कठीण पदार्थाचा बनलेला असतो त्याची, प्रथिनं जास्त सापडतात. हाडाची घडामोड रोजचीच, डेंटिन मात्र एरवी विरघळत नाही. त्यामुळे ही खूण तुलनेने कमी संदिग्ध आहे.

लाळेची तपासणी अजून प्रयोगशाळेतच बरी. ती करून घेण्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. त्यापेक्षा दोन गोष्टी डॉक्टरांना विचारा आणि सांगा. तार घट्ट केल्यावर दुखलं तर कोणती गोळी घ्यायची ते विचारा, कारण आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या ज्या रासायनिक संदेशावर हाड खाणाऱ्या पेशी जमतात तोच दाबतात. आणि चाळिशी-पन्नाशीत तारा लावून घेणार असाल आणि हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून काही औषध चालू असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगा. यातली काही औषधं हाड खाणाऱ्या पेशींनाच थोपवतात, आणि त्या थांबल्या तर दातही सरकत नाही.