ग्रंथपालाला बोलते करा

महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडले, वर्गानुसार अनुदान ठरवले. रायगडच्या किनाऱ्यावर उरणपासून श्रीवर्धनपर्यंत आज वाचनालये दिसतात, ती याच व्यवस्थेतून उभी राहिली किंवा टिकली. पण त्यांत काम करणाऱ्या माणसांना पुस्तकांविषयी बोलायला कोण शिकवते? हा प्रश्न आम्ही विचारतो, कारण त्याचा संबंध थेट आपल्या मुलाबाळांशी आहे.

बौद्धवाडीतला, कोळीवाड्यातला, कातकरीवाडीतला मुलगा वाचनालयाची पायरी चढतो, तेव्हा पुस्तकांची माहिती देणारे त्याच्या घरात बहुधा कोणी नसते. टेबलामागून त्याला 'काय पाहिजे?' एवढाच प्रश्न येतो. काय पाहिजे, हेच तर त्याला ठाऊक नसते! मग तो वर्तमानपत्र चाळतो आणि निघून जातो. दार उघडे असूनही ग्रंथ त्याला बंदच राहतात.

योग्य पुस्तक योग्य हाती पडले तर काय घडते, हे आपल्या समाजाला नव्याने सांगायला नको. कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे शिक्षक. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा विद्यार्थी भीमराव त्यांना दिसला. त्यांनी आपुलकीने चौकशी केली, वाचायला पुस्तके दिली. भीमराव मॅट्रिक झाल्यावर सत्काराची सभा भरली. अध्यक्ष होते सी. के. बोले. त्या सभेत केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हाती ठेवले. पुढे १९२३ साली याच बोले यांनी सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मांडला. त्याच हक्काच्या बजावणीसाठी बाबासाहेबांनी १९२७ साली आपल्याच जिल्ह्यात, महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह केला.

पण सगळीकडे केळुसकर भेटत नाहीत. म्हणून प्रशिक्षण लागते. सयाजीराव गायकवाडांनी हे ओळखले होते. त्यांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना बडोद्यास आणले. १९११ साली तिथे ग्रंथपालांचा वर्ग सुरू झाला आणि फिरत्या पेट्यांतून पुस्तके खेड्यांत पोहोचू लागली. याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले. ग्रंथपालांसाठी शिक्षणसंस्था मेल्विल ड्युई यांनी १८८७ साली काढली, तीही कोलंबियातच!

आपल्याकडेही ग्रंथपालनाचे प्रमाणपत्र वर्ग चालतात. दाखलनोंद, वर्गीकरण, तालिका हे सारे आवश्यकच आहे. पण पुस्तकाचा क्रमांक माहीत असणे वेगळे आणि पुस्तक माहीत असणे वेगळे. शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे खंडांत प्रसिद्ध केली. कोणी ते मागितले की पहिला इंग्रजी खंड काढून दिला जातो. इंग्रजी न येणारा वाचक तो कपाळाला लावून परत करतो. खंड १८ मध्ये बाबासाहेबांची मराठी भाषणे आहेत, हे ग्रंथपालाला ठाऊक असेल तर तोच वाचक उद्या पुन्हा येईल. अलिबाग तालुक्यातील चरीचा शेतकरी संप १९३३ पासून सुमारे सहा वर्षे चालला. त्या गावच्या मुलीने कुळांचा प्रश्न विचारला, तर बाबासाहेबांचे १९३७ चे खोती निर्मूलन विधेयक खंड २ मध्ये आहे, असे तिला सांगता आले पाहिजे.

हे ज्ञान फुकट येत नाही. २०२२ साली अनुदान ६० टक्क्यांनी वाढवण्याचा निर्णय झाला. त्या वाढीनंतरही जिल्हा-तालुक्याबाहेरच्या 'ड' वर्ग ग्रंथालयाला वर्षाला ४८ हजार रुपये, म्हणजे महिन्याला चार हजार! त्यातच पुस्तके, वीज, वर्तमानपत्रे आणि माणसाचे मानधन. अर्धपोटी माणसाकडून वाचनाची अपेक्षा करणे हा अन्याय आहे. वेतनश्रेणीची कर्मचाऱ्यांची मागणी न्याय्य आहे आणि तिला आपल्या समाजाचा पाठिंबा असलाच पाहिजे.

पण शासनाची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. अलिबाग, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन इथल्या ग्रंथालय सेवकांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे. प्रत्येकाने एक पुस्तक वाचून यावे आणि दहा मिनिटे त्यावर बोलावे. पुस्तकात काय आहे, भाषा सोपी की कठीण, ते कोणत्या वाचकाला द्यावे, एवढे सांगितले तरी पुरे. दहा जण जमले तर वर्षाला एकशेवीस पुस्तकांची ओळख प्रत्येकाच्या गाठीला पडेल. बुद्धविहारांत आणि समाजमंदिरांत वाचनालये चालवणाऱ्या आपल्या तरुणांनाही या बैठकीत हक्काची जागा हवी. येण्या-जाण्याचा एसटी खर्च संस्थेच्या कार्यकारिणीने द्यावा. तो देणगी म्हणून नव्हे, कामाचा भाग म्हणून द्यावा.

आपण जयंतीला मिरवणूक काढतो, वर्गणी जमवतो. यंदा त्या वर्गणीतला एक वाटा या बैठकीसाठी ठेवा. आणि गावच्या वाचनालयात जाऊन ग्रंथपालाला विचारा, 'तुम्ही अलीकडे काय वाचले?'