खरजेचे औषध आणि फिट: त्वचेतून आत किती उतरते?

९ टक्के आणि २ टक्के. १९७४ मध्ये फेल्डमन आणि मायबाक या संशोधकांनी कोपराखालच्या हाताला लिंडेन हे खरजेवर वापरले जाणारे औषध लावून त्यातले किती लघवीवाटे बाहेर पडते हे मोजले. उत्तर आले सुमारे ९ टक्के. खरजेवर आज पहिली पसंती असलेल्या ५ टक्के पर्मेथ्रिन मलमातून मात्र २ टक्क्यांहून कमी औषध शरीरात शिरते. वरून लावायच्या औषधाने फिट कशी येऊ शकते, याची उकल या फरकापासून सुरू होते.

एकच बाटली, दोन शरीरे

गॅमा बेंझीन हेक्साक्लोराइड म्हणजेच लिंडेन. १ टक्का तीव्रतेच्या ३० मिली लोशनमध्ये ते ३०० मिलिग्रॅम असते. त्यातले ९ टक्के, म्हणजे २७ मिलिग्रॅम, आत गेले असे धरू. ६० किलोच्या माणसात हे किलोमागे अर्धा मिलिग्रॅमही होत नाही. तीच बाटली १० किलोच्या मुलाच्या अंगावर संपवली तर किलोमागे २.७ मिलिग्रॅम होते, म्हणजे सहापट.

बेताने लावले तरी फरक पुरता मिटत नाही. ६० किलोच्या माणसाला किलोमागे सुमारे २७५ चौरस सेंटिमीटर त्वचा असते, तर १० किलोच्या मुलाला सुमारे ४९०. थर तेवढाच पातळ दिला तरी मुलाच्या वाट्याला किलोमागे पावणेदोनपट औषध येते. त्यात खाजवून सोललेली कातडी, गरम पाण्याची आंघोळ आणि अंगाला चोळलेले तेल शोषण आणखी वाढवतात. म्हणूनच लिंडेनच्या अमेरिकी माहितीपत्रकात आंघोळीनंतर किमान तासभर थांबायला सांगितले आहे, आणि ५० किलोंपेक्षा कमी वजनाच्या व्यक्तींबाबत विशेष सावधगिरीचा इशारा आहे.

मेंदूत काय घडते?

गाबा हे रसायन मेंदूतल्या पेशींच्या उत्तेजनेला लगाम घालते. ते पेशीत क्लोराइड शिरण्याची वाट उघडते. लिंडेन नेमकी तीच वाट अडवते. लगाम सुटला की डोकेदुखी, चक्कर, मुंग्या, बेचैनी आणि शेवटी झटके येऊ शकतात. पर्मेथ्रिन खरजेच्या किड्याच्या चेतापेशींतील सोडियमच्या वाटेवर काम करते आणि माणसाच्या शरीरात त्याचे विघटन झपाट्याने होते. ते लावल्यावर सुमारे १० टक्के रुग्णांना चुरचुरते आणि १ ते २ टक्क्यांना मुंग्या किंवा बधिरपणा जाणवतो. ही तक्रार बहुधा लावलेल्या जागेपुरती असते आणि लवकर शमते. तिला घाबरून उपचार अर्धवट सोडू नये.

धोका वाढतो तो दुसऱ्या वेळी

लिंडेन सर्वांगाला लावल्यावर मुलांच्या रक्तात त्याचे प्रमाण साधारण ६ तासांनी सर्वाधिक होते, सरासरी मिलिलिटरमागे २८ नॅनोग्रॅम. ते निम्म्यावर यायला सुमारे १८ तास लागतात. या हिशेबाने दुसऱ्या दिवशी पुन्हा लोशन लावले, तर रक्तात चढलेल्या औषधाचा जवळजवळ निम्मा भाग अजून तिथेच असतो. नवी मात्रा त्यावर चढते.

लोक पुन्हा का लावतात? कारण खाज थांबत नाही. किडे मेले तरी त्यांच्या अवशेषांची अ‍ॅलर्जी त्वचेत उरते, आणि खाज २ ते ४ आठवडे टिकू शकते. हे कुणी समजावून सांगितले नाही, तर रात्रभर खाजवणाऱ्या लेकराची आई बाटलीकडेच वळणार. तिला दोष देणे अन्यायाचे आहे. ही माहिती देणे हा उपचाराचाच भाग आहे, आणि तो बहुतेकदा राहून जातो.

इशाऱ्यांची किंमत

२००३ मध्ये अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने लिंडेनवर चौकटीतला ठळक इशारा सक्तीचा केला आणि बाटली ३० ते ६० मिलीपुरती मर्यादित केली. तोवर १७ मृत्यूंची नोंद झाली होती. त्यातल्या ३ मृत्यूंचे कारण लिंडेन असल्याचे निश्चित झाले. १९९८ ते २००३ या काळात तिथे लिंडेन चुकून पोटात गेल्याच्या ८७० घटना नोंदल्या गेल्या. काहींनी ते खोकल्याचे औषध समजून घेतले होते. कॅलिफोर्नियाने २००२ पासून त्याच्या औषधी वापरावरच बंदी घातली. भारतात कीटकनाशक म्हणून लिंडेनचा वापर मार्च २०१३ पासून बंद आहे.

जगात कोणत्याही क्षणी सुमारे २० कोटी लोकांना खरूज असते. ती बरी व्हायलाच हवी, आणि सुरक्षित औषधाने होतेही. त्यासाठी चिठ्ठीवर तीन आकडे स्पष्ट हवेत: किती मिली किंवा किती ग्रॅम, किती तासांनी धुवायचे, आणि पुन्हा लावायचे असल्यास कितव्या दिवशी. पर्मेथ्रिन ८ ते १४ तास ठेवून धुतात आणि गरज पडल्यास साधारण आठवड्याने पुन्हा लावतात. घरातल्या सर्वांनी एकाच दिवशी उपचार घेतले तर संसर्ग परतण्याची शक्यता घटते. मुलाला पूर्वी फिट आली असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. खाज ४ आठवड्यांनीही हटली नाही किंवा नवे पुरळ उठले, तर पुन्हा तपासून घ्या. मनाने दुसरी बाटली उघडू नका.