पेडलचे दुखणे वेगळे, दिव्याचे वेगळे

जुन्या कारचा ब्रेक कमी लागू लागतो आणि त्याच सुमारास मीटरवर एबीएसचा पिवळा दिवा पेटतो, तेव्हा दोन्हींचे कारण एकच असणार असे मालक धरून चालतो. बहुतेक वेळा ही दोन वेगळी दुखणी असतात. ब्रेक लागणे हा तेलाच्या दाबाचा आणि घर्षणाचा मामला आहे, तर एबीएसचा दिवा बहुधा सेन्सर, वायर आणि कनेक्टर यांच्याकडे बोट दाखवतो. एकाच्या संशयावरून दुसऱ्याचा सुटा भाग बदलला, की पैसे जातात आणि ब्रेक होता तसाच राहतो.

चाके जाम होऊ न देणारी ही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बॉश कंपनीने १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लास गाडीतून बाजारात आणली. भारतात ती कारच्या नव्या मॉडेलना एप्रिल २०१८ पासून आणि विकल्या जाणाऱ्या सर्वच नव्या कारना एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली. त्याआधी एबीएस बहुधा वरच्या व्हेरियंटमध्येच मिळे. त्या काळातल्या गाड्यांचे आता वय झाले आहे आणि त्यांचे सेन्सर, वायरी, कनेक्टरही त्यांच्याबरोबर म्हातारे झाले आहेत.

एबीएसचे काम समजले की निम्मे निदान सोपे होते. प्रत्येक चाकाजवळचा सेन्सर चाकाचा वेग मोजतो. जोरात ब्रेक मारल्यावर एखादे चाक जाम होऊ लागले, तर संगणक त्या चाकाकडे जाणारा तेलाचा दाब क्षणभर सोडतो, पुन्हा देतो, पुन्हा सोडतो. चाक फिरत राहिल्याने स्टिअरिंग हातात राहते. रोजच्या साध्या ब्रेकिंगमध्ये ही यंत्रणा नुसती पाहत असते. तिच्यात बिघाड झाला, की संगणक तिला बंद करतो आणि पिवळा दिवा लावतो. साधा ब्रेक मात्र चालू राहतो. म्हणून केवळ पिवळा दिवा असताना पेडल पूर्वीसारखेच लागले पाहिजे. ते लागत नसेल, तर त्याचे कारण दिव्याबाहेर शोधावे लागते.

तपासणीची सुरुवात पेडलपासून करावी, कारण जीव त्याच्यावर अवलंबून आहे. आधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळी पाहावी. पॅड झिजतात तशी ती सावकाश उतरते, पण थोड्या दिवसांत उतरली असेल तर कुठेतरी गळती आहे. अशा वेळी नुसते ऑइल भरून गाडी पुढे काढणे म्हणजे आजार झाकणे. मागच्या ड्रममधला व्हील सिलिंडर गळत असेल, तर ऑइल लायनरवर पसरते आणि ते चाक धरतच नाही. डबीत चुकून इंजिन ऑइल पडले असेल, तर रबरी सील फुगून सगळी यंत्रणाच बिघडते.

पेडल स्पंजासारखे लागले आणि दोन-तीनदा पंप केल्यावर वर आले, तर पाइपात हवा असण्याची शक्यता मोठी. पेडल धरून ठेवले असता हळूहळू फळीकडे जाते आणि बाहेर कुठे गळतीही दिसत नाही, तेव्हा मास्टर सिलिंडरचे आतले सील गेलेले असते. पेडल दगडासारखे घट्ट झाले, तर संशय व्हॅक्यूमच्या जोरावर पायाला मदत करणाऱ्या बूस्टरवर घ्यावा. त्याची चाचणी घरच्या घरी होते: इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबायचे, दाबून धरायचे आणि इंजिन सुरू करायचे. बूस्टर ठीक असेल तर पेडल किंचित खाली जाते. डिझेल गाडीत बूस्टरला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, अनेक गाड्यांत तो अल्टरनेटरला जोडलेला असतो. बूस्टर बदलण्याआधी हा पंप आणि त्याची नळी तपासली पाहिजे. पेडल बरेच खाली जाऊन मग लागत असेल आणि हँडब्रेकही जास्त वर ओढावा लागत असेल, तर मागच्या ब्रेक शूंचे ॲडजस्टमेंट गेले आहे. जुन्या गाडीत हे फार आढळते आणि फारच कमी वेळा पाहिले जाते.

एक बिघाड मात्र गॅरेजमध्ये सापडतच नाही. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते. नव्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावरची किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. छत्तीसगडमधल्या रायपुरात पावसाळ्याचा दमटपणा आणि मे महिन्यातला ४४-४५ अंशांचा उन्हाळा दोन्ही आहेत. जगदलपूरहून परतताना राष्ट्रीय महामार्ग ३० वर केशकाल घाट उतरावा लागतो, जबलपूरकडून येताना चिल्फी घाट. वळणावळणाला ब्रेक दाबत उतरले, की कॅलिपरमधले जुने ऑइल उकळते. वाफेचे बुडबुडे दबतात, पॅडवर दाब पोहोचत नाही आणि पेडल फळीला टेकते. रायपूरला पोहोचेपर्यंत ऑइल थंड होते, वाफ विरते, पेडल पुन्हा ठीक लागते आणि मेकॅनिकला काहीच दिसत नाही. त्याला घाटाचा तपशील सांगितला पाहिजे. साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलणे आणि उतारावर खालच्या गिअरमध्ये राहणे, हाच यावर उपाय.

ब्रेकचा निकाल लागल्यावर दिव्याकडे वळावे. बॅटरीचा कमी व्होल्टेज आणि फ्यूज आधी पाहावा. त्यानंतर सर्वाधिक संशय व्हील सेन्सरचा. छत्तीसगडच्या मैदानातली काळी, चिकट कन्हार माती पावसाळ्यात हबभोवती थापली जाते. सिलतरा, उरला या स्पंज आयर्नच्या कारखान्यांच्या पट्ट्यात ये-जा करणाऱ्या गाडीच्या चुंबकीय सेन्सरला लोखंडी भुकटी चिकटू शकते, आणि ब्रेक डिस्कची स्वतःची भुकटी तर सगळीकडेच असते. सेन्सरसमोर चाकाबरोबर फिरणारे दातेरी कडे गंजते, वायर उंदीर कुरतडतात, कनेक्टरमध्ये पाणी शिरते. बेअरिंग बदलल्यावर लगेच दिवा लागला असेल, तर बेअरिंग उलटे बसले आहे का ते पाहावे. काही बेअरिंगच्या एकाच बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय पट्टी असते आणि ती बाजू सेन्सरकडेच यावी लागते.

इथे स्कॅनर हवाच. स्वस्त स्कॅनर बहुधा फक्त इंजिनचे कोड वाचतात, म्हणून एबीएसचा संगणक वाचणारा स्कॅनर आहे का हे गॅरेजला आधी विचारावे. कोडही पुरेसा नसतो. सी००३५ हा कोड पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचे सर्किट दाखवतो. त्यात सेन्सर, वायर आणि कनेक्टर तिन्ही येतात. गाडी सरळ रस्त्यावर ताशी २०-३० किलोमीटरने चालवून स्क्रीनवर चारही चाकांचे वेग शेजारी शेजारी पाहिले, की गुन्हेगार सापडतो: तीन आकडे बरोबर चालतात, चौथा मध्येच शून्यावर येतो. ही तपासणी न करता एबीएसचा अख्खा युनिट बदलायला सांगणाऱ्याचे ऐकू नये.

दोन्ही दुखणी खरोखर एकाच मुळाची असतात, असाही एक प्रसंग आहे. गंजलेल्या कड्यामुळे अगदी कमी वेगात सेन्सरचा इशारा तुटतो, चाक जाम झाले असे संगणकाला वाटते आणि तो दाब सोडतो. सिग्नलला थांबता थांबता पेडल थरथरते आणि गाडी दोन हात पुढे सरकते. कित्येकदा दिवाही लागत नाही. यात पॅड बदलून काहीच साधत नाही.

पिवळ्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही पेटला, तर मागच्या-पुढच्या चाकांतली दाबाची वाटणी, म्हणजे ईबीडी, बंद पडलेली असू शकते किंवा ऑइल तळाला गेलेले असते. मागची चाके आधी जाम झाली तर गाडी फिरते. अशी गाडी टोईंग करूनच न्यावी.

दुरुस्तीनंतर किल्ली फिरवल्यावर एबीएसचा दिवा पेटून काही सेकंदांत विझला पाहिजे. काही गाड्यांत तो थोडे अंतर चालल्यावर विझतो. जुनी कार विकत घेणाऱ्याने हेच आधी पाहावे. बिघाड लपवण्यासाठी बल्ब काढून टाकणारे किंवा तो दुसऱ्या दिव्याला जोडणारे विक्रेते असतात. एबीएस असलेल्या गाडीत किल्ली फिरवूनही तो दिवा पेटत नसेल, तर सौदा तिथेच थांबवावा.