घरातला कारखाना – लेखांक सातवा : यंत्रांची परतीची जागा

मागील लेखांकात कामाच्या मेजाची उंची, पाय आणि पृष्ठभाग यांचा विचार केला. मेज उभे राहिल्यावर थोड्याच आठवड्यांत त्याची जी अवस्था होते, ती घरी लाकूडकाम करणाऱ्या कोणासही नवीन नाही : एका कोपऱ्यात ड्रिल आडवे पडलेले, ग्राइंडरची वायर जिगसॉच्या पात्यात गुंतलेली, सँडरखाली पेन्सिल आणि गुण्या दडलेला, आणि प्रत्यक्ष फळी कापावयास मात्र वीतभर जागा शिल्लक नाही. घरातली माणसे या अव्यवस्थेचे खापर आळसावर फोडतात. परंतु मला तो आळसावर अन्याय वाटतो. यंत्र काढून घेताना गरज समोर उभी असते, म्हणून माणूस चार डबे हलवूनही ते काढतो. परत ठेवण्याच्या वेळी गरज संपलेली असते, हात भुशाने माखलेले असतात, आतून चहाची हाक आलेली असते, आणि अशा वेळी जागेने एकाहून अधिक हालचालींची अपेक्षा केली की यंत्राचा मुक्काम मेजावरच पडतो. सबब साठवणीची तजवीज करताना यंत्र काढण्याच्या सोयीपेक्षा ते ठेवण्याच्या सोयीला अग्रमान द्यावा, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

या कसोटीला पहिली उतरत नाही ती यंत्राबरोबर येणारी प्लॅस्टिकची पेटी. तिच्यातील खळगे यंत्राच्या नेमक्या आकाराचे असल्याने वायर ठरावीक रीतीने घडी केल्यावाचून झाकण लागत नाही, आणि पाते किंवा बिट काढून ठेवल्याशिवाय यंत्र आत बसत नाही. शिवाय पावसाळ्यात आत एकदा शिरलेला दमटपणा त्या बंद पेटीत कोंडून राहतो, आणि फोमचे अस्तर असल्यास तो धरूनही ठेवतो. प्रवासाला पेटी उत्तम. रोजच्या वापराला तिच्यावर पाणी सोडावे हे बरे.

हत्यारांना स्वतंत्र खाते असावे ही कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. शिवकालीन अठरा कारखान्यांत शिलेखाना हा एक कारखाना होताच. मात्र तलवार-भाल्यांना वायर नसे, बॅटरी नसे, आणि भुसा खाऊन त्यांची मोटर जळण्याची धास्तीही नसे, हा भेद आजच्या कारखानदाराने ध्यानात ठेवावा.

प्रारंभ ड्रिलपासून करू, कारण घरात प्रथम तेच येते आणि संख्येने तेच वाढते. १८८९ मध्ये मेलबर्न येथे आर्नॉट व ब्रेन या दोघांनी विजेच्या ड्रिलचे पेटंट घेतले, आणि १८९५ मध्ये जर्मनीतील श्टुटगार्टच्या फाइन कारखान्याने हाती धरून चालविता येईल असे ड्रिल तयार केले. पण आज आपल्याला परिचित असलेली आकृती त्यानंतरची. बाल्टिमोरच्या ब्लॅक आणि डेकर या जोडीला १९१७ मध्ये ज्या ड्रिलचे पेटंट मिळाले, त्याला पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबावयाचा चाप होता, आणि त्या दिवसापासून हातातील ड्रिल जवळजवळ सर्वत्र याच घाटाचे झाले. साठवणीच्या दृष्टीने हा घाट म्हणजे मोठेच वरदान आहे : वर रुंद धड, खाली बारीक मूठ. मूठ जाईल पण धड अडकेल एवढी खाच फळीत पाडली की ड्रिल नुसते पुढून सरकवले म्हणजे काम झाले. झाकण नाही, खिट्टी नाही, वायर गुंडाळणे नाही.

ही खाच कशी पाडावी ते थोडे सविस्तर सांगतो, कारण सगळ्या रचनेचा जीव तिच्यात आहे. १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडची २५ सेंटिमीटर खोल फळी घ्यावी. बॅटरीवर चालणाऱ्या मध्यम ड्रिलची मूठ साधारण ३८ ते ४० मिलिमीटर जाड आणि धड ६५ मिलिमीटरच्या आसपास रुंद असते. तेव्हा ४८ मिलिमीटर रुंदीची खाच पाडली, तर मुठीला दोन्ही अंगांनी चारेक मिलिमीटर मोकळीक मिळते आणि धडाला दोन्ही बाजूंस आठ मिलिमीटरहून अधिक टेकण उरते. खाच पुढच्या काठापासून आत १५ सेंटिमीटर जावी. आतल्या टोकाला होल सॉने गोल भोक पाडून घ्यावे आणि मग काठापासून त्या भोकापर्यंत जिगसॉने दोन समांतर छेद द्यावेत, म्हणजे कोपरा काटकोनी न राहता गोल होतो आणि तेथून प्लाय फाटण्याचे भय उरत नाही. दोन खाचांच्या मध्यरेषांत १४ सेंटिमीटर अंतर ठेवावे. बॅटऱ्या त्याहून कमी अंतरातही मावतील, पण हाताची बोटे मावणार नाहीत, आणि शेजारच्या ड्रिलला बोटे घासली की माणूस पुढच्या वेळी यंत्र मेजावरच ठेवतो. फळीखाली बॅटरीसकट मूठ लोंबेल इतकी, म्हणजे निदान २० सेंटिमीटर, उंची सोडावी. खाच पुढून उघडी असल्यामुळे वायरचे ड्रिलही तीतच बसते. वायर ओवत बसावे लागत नाही. ही सारी मापे आपापल्या यंत्राशी ताडून पाहावीत, आणि प्लायला करवत लावण्यापूर्वी पुठ्ठ्यात एक खाच कापून तीत ड्रिल सरकवून पाहावे, ही माझी आग्रहाची सूचना.

इतर यंत्रांच्या बाबतीत इतके सूक्ष्म व्हावे लागत नाही. जिगसॉ आणि सँडर सपाट तळावर उभे राहतात. त्यांना पुढे दोन सेंटिमीटर उंचीची पट्टी लावलेला कप्पा पुरतो, फक्त जिगसॉचे पाते खाली उतरेल अशी एक चीर त्यात ठेवावी, म्हणजे पाते काढण्याचा तगादा लागत नाही. सर्क्युलर सॉ सर्वांत जड, म्हणून ती सर्वांत खाली. ग्राइंडरची चकती पूर्ण थांबल्याशिवाय तो ठेवू नये, हे त्याच्या कप्प्याच्या कडेवर लाल रंगात लिहून ठेवले तरी अतिशयोक्ती होणार नाही.

वायरीविषयी मात्र एक फिर्याद नोंदवलीच पाहिजे. काम संपले की वायर यंत्राच्या अंगाभोवती करकचून गुंडाळण्याची जी सवय आपल्याकडे सर्रास दिसते, ती वायरीच्या मुळावर येते : जेथे वायर यंत्राच्या पोटात शिरते तेथील रबरी नळीपाशी तिला दर वेळी तीच मुरड पडते, आतले तांब्याचे बारीक तंतू एकेक करून तुटतात, बाहेरचे आवरण धडधाकट दिसत असतानाच यंत्र मध्येच बंद पडू लागते, आणि गिऱ्हाईक मोटर बिघडली असे समजून दुकानाची पायरी चढते. वायरीला सैल वळसे द्यावेत आणि ते यंत्राशेजारी एका रुंद लाकडी खुंटीवर टांगावेत. मुळाशी वीतभर वायर सरळ मोकळी राहिली पाहिजे.

आता हे सारे ज्यात बसवावयाचे ते कपाट, आणि ते भिंतीवर टांगण्याची रीत. ९० सेंटिमीटर रुंद, ६० उंच आणि ३० खोल असा १२ मिलिमीटर प्लायचा सांगाडा घरगुती गरजेला पुरेसा होतो. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्याने भारतीय मानक ३०३ मधील बीडब्ल्यूआर प्रतीचा प्लाय घ्यावा आणि सर्व कापलेल्या कडांना रंगाचे दोन हात द्यावेत, कारण ओल शिरते ती कडेतून. यंत्रांसकट या कपाटाचे वजन पंचवीसेक किलो भरते. एवढे ओझे टांगण्यासाठी फ्रेंच क्लीट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तिरप्या पट्ट्यांच्या जोडीइतकी सुटसुटीत युक्ती माझ्या पाहण्यात नाही. १० सेंटिमीटर रुंदीची १८ मिलिमीटर प्लायची पट्टी मधोमध लांबीच्या दिशेने ४५ अंशांच्या कोनात चिरली की दोन पट्ट्या मिळतात. एक भिंतीवर अशी ठोकावी की तिच्या वरच्या तिरप्या कडेचे उंच टोक आपल्याकडे आणि उतार भिंतीकडे राहील. दुसरी कपाटाच्या पाठीला वरच्या बाजूस उलटी लावावी. कपाट उचलून वरून टेकवले की एक पट्टी दुसरीच्या खोबणीत उतरते, आणि ओझे जसे वाढते तसे कपाट भिंतीकडे अधिकच ओढले जाते. खाली पाठीला त्याच जाडीची एक साधी पट्टी लावली म्हणजे कपाट ओळंब्यात राहते.

या रचनेचा दुसरा लाभ आपल्या हवामानात पहिल्याहूनही मोलाचा ठरतो : कपाटाची पाठ भिंतीपासून १८ मिलिमीटर दूर राहते, आणि आषाढात भिंतीला ओल आली तरी ती प्लायपर्यंत पोहोचत नाही, मधल्या फटीतून हवा खेळते, आणि वाळवी चढू लागली तर तिची मातीची वाटही बॅटरीच्या उजेडात दिसते. भिंतीतले स्क्रू मात्र आखूड वापरू नयेत. १८ मिलिमीटर पट्टी आणि १२ मिलिमीटर गिलावा वजा जाता ७५ मिलिमीटरच्या स्क्रूचा ४५ मिलिमीटर भाग विटेत जातो, आणि खरी पकड तेवढीच. गिलाव्याचा आधार हिशेबात धरू नये. हलक्या ब्लॉकच्या भिंतींना त्यांच्यासाठीच निघालेले वेगळे प्लग लागतात. भोके पाडण्यापूर्वी स्विचबोर्डाच्या सरळ वर आणि खाली विजेची नळी गेलेली असते, हेही विसरू नये.

कपाटाला दारे असावीत की नसावीत यावर मतभेद आहेत. उघडे कपाट ठेवण्यास सोपे, आणि आपल्या मूळ कसोटीप्रमाणे तेच श्रेष्ठ. पण प्लायचा बारीक भुसा मोटरीच्या वाऱ्याच्या खिडक्यांतून आत बसतो आणि पावसाळ्यात तोच ओल धरतो. मी देशावर उघडे आणि किनारपट्टीवर दारांचे, असा निवाडा देईन. दारे असली तर पावसाळ्यात आतली हवा किंचित गरम ठेवण्याची जुनी युक्ती अजूनही शास्त्रशुद्ध आहे : बाहेर २५ अंश सेल्सिअस आणि ९० टक्के सापेक्ष आर्द्रता असताना आतले तापमान ५ अंशांनी वाढवले, तर तीच हवा ६७ टक्क्यांच्या आसपास येते, आणि लोखंडावर गंज झपाट्याने चढण्याची मर्यादा साधारण तेथेच संपते. त्यासाठी पूर्वी पिवळा दिवा लावीत. परंतु तापलेल्या दिव्यावर भुसा बसणे धोक्याचे आहे, म्हणून लहान बंद हीटर तळाशी जाळीच्या वेगळ्या कप्प्यात असावा. सिलिका जेलच्या पुड्या एवढ्या मोठ्या कपाटात दोन दिवसांत थकतात. त्यांची खरी जागा बिटांच्या घट्ट झाकणाच्या डबीत. बिटांना तेल लावावयाचे तर शिवणयंत्राचे लावावे; खोबरेल काही महिन्यांत चिकट होऊन धूळ धरते.

ही ऊब ज्यांना मानवत नाही त्या म्हणजे बॅटऱ्या, आणि म्हणून कपाटात हीटर असेल तर त्यांचे खाते कपाटाबाहेर. एका लिथियम घटाचा नाममात्र दाब ३.६ व्होल्ट, असे पाच जोडले की १८ व्होल्ट. पूर्ण भरल्यावर तेच २० च्या पुढे जातात, म्हणून काही कंपन्या त्याच बॅटरीवर २० हा आकडा छापतात, त्याने भुलू नये. ४५ अंशांच्या वर बॅटरी चार्ज करणे तिच्या आयुष्यावर उठते, तेव्हा विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्याच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये चार्जर लावूच नये. महिना-दोन महिने काम बंद राहणार असेल तर बॅटरी अर्धी भरलेली ठेवावी. चार्जरसाठी दार नसलेली स्वतंत्र फळी, तिच्यावर सिमेंट बोर्डाचा तुकडा, आणि स्विच नजरेसमोर. रात्री तो बंद.

राहता राहिल्या ग्राइंडरच्या चकत्या, ज्यांना लोक दारामागच्या खिळ्याला अडकवून वर्षानुवर्षे विसरतात. धातू कापण्याच्या पातळ चकत्यांतील कण रेझिनने सांधलेले असतात, ते रेझिन ओलाव्याने दुबळे होते, आणि मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेणारी दुबळी चकती फुटली तर तिचे तुकडे कोठे जातील ते सांगवत नाही. चांगल्या चकतीच्या मधल्या धातूच्या कडीवर वापराच्या मुदतीचा महिना आणि वर्ष ठोकलेले असते. ही मुदत निर्मितीपासून तीन वर्षांच्या आत संपते. चकत्या सपाट, एकावर एक, कोरड्या डब्यात ठेवाव्यात, आणि डब्याच्या झाकणावर सर्वांत जुन्या चकतीची मुदत लिहावी. मुदत उलटलेली चकती कोणाला देऊ नये, दोन तुकडे करून टाकावी.

पुढील लेखांकात भुसा शोषून घेणाऱ्या यंत्राचा आणि त्याच्या नळ्यांचा विचार करू.