शंख उजवा की डावा?

‘आवर्त’ म्हणजे वळसा. ‘दक्षिण’ म्हणजे उजवा; पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले की उजव्या हाताला येते ती दक्षिण दिशा. प्रदक्षिणेतही हाच अर्थ आहे, देव उजव्या हाताला ठेवून फिरायचे. तेव्हा दक्षिणावर्त म्हणजे उजवीकडे वळलेला आणि वामावर्त म्हणजे डावीकडे. शंख हातात घेतला की मात्र गुंता सुरू होतो.

मन्नारच्या आखातात सापडणारा पूजेचा शंख, टर्बिनेला पायरम, जवळजवळ नेहमीच एका बाजूला वळलेला असतो. परंपरेत हा वामावर्ती, जीवशास्त्रात हाच उजवा! दोघांचेही बरोबर आहे, कारण शंख धरण्याची रीत वेगळी. जीवशास्त्रज्ञ वेटोळ्यांचे टोक वर ठेवून शंखाचे तोंड आपल्याकडे करतात. ते उजव्या हाताला आले की शंख उजवा. विष्णूच्या हातातल्या शंखाची निमुळती पन्हळ वर असते आणि वेटोळी खाली. तसे धरले की तोच उघडा भाग डावीकडे येतो. खुद्द पीळ तसाच राहतो. स्क्रूचे आटे उलटसुलट करून बदलत नाहीत, तसाच शंखाचा पीळही फक्त आरशात बदललेला दिसतो.

मग दुर्मीळ, उलट्या पिळाचा म्हणजे दक्षिणावर्ती शंखाचा जीव जन्मतो कसा? याचे उत्तर तळ्यातल्या लिम्निया गोगलगाईंनी दिले, आणि ते विलक्षण आहे. पिल्लाचा पीळ त्याच्या स्वतःच्या नव्हे, तर आईच्या जनुकांवरून ठरतो, हे जनुकशास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टर्टेवंट यांनी १९२३मध्येच ओळखले होते. २०१९मध्ये जपानी संशोधकांनी क्रिस्पर तंत्राने एकच जनुक निकामी केले आणि त्या वंशात डाव्या पिळाची पिल्ले जन्मली. हे जनुक पेशीचा सांगाडा बांधणाऱ्या एका प्रथिनाचे आहे. गर्भाच्या पहिल्या काही विभाजनांतच पेशी कोणत्या बाजूला कलतात, त्यावर पुढचे सारे शरीर बेतते.

‘दक्षिणावर्ती’ म्हणून विकले जाणारे बरेच शंख पूजेच्या शंखाच्या जातीचे नसतातच, आणि लोक त्यासाठी मोठी रक्कम मोजतात, म्हणून हे सांगायलाच हवे. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरचा लाइटनिंग व्हेल्क हा शंख मुळातच दक्षिणावर्ती वळणाचा असतो. त्यात दुर्मीळ काही नाही. अस्सल शंखाच्या तोंडातून आत पाहिले, तर मधल्या खांबावर तीन-चार ठळक घड्या दिसतात. व्हेल्कच्या खांबावर तशा घड्या नसतात.